न काढलेले पैसे

"उज्ज्वला, हे पैसे तू हणमंतदादाला पाठवलेस का?"

हणमंतदादा हा विट्याला राहणारा माझा थोरला भाऊ. माझ्या नवऱ्याने, श्रीरंगने, हे विचारलं तेव्हा मी चपात्या लाटत होते. दूध संपलंय का, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात त्याने विचारलं, म्हणून मला आधी काही उमजलंच नाही. (समोर मी त्याला अहोजाहो करते. लिहिताना मात्र 'तो' म्हणणार आहे. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी सूट मिळायला हरकत नाही.)

"कुठले पैसे?"

"तुझ्या रिटायरमेंट खात्यातले. करखात्याची नोटीस आलीय. खात्यातून सगळे पैसे काढलेत, रिटर्नमध्ये दाखवले नाहीत, आता त्यावर कर भरा आणि वर दंड भरा, म्हणतायत."

"मी काही काढलेलं नाही."

"इथे छापलंय."

"छापलं असेल. मी काढलेलं नाही."

तो दारातच उभा होता, एका हातात बूट आणि एका हातात तो कागद. अमेरिकेत टोलेडोला आम्हाला राहून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तो तिथल्या काचेच्या कारखान्यात इंजिनियर होता. मी पहिली काही वर्षं त्याच्या व्हिसावर आलेली बायको म्हणून घरात बसून काढली, कारण मला काम करायची परवानगीच नव्हती. पुढे ग्रीन कार्ड आलं, मग मी एक कोर्स केला आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायला लागले. लहान मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या, कुणाच्या म्हणून शिरा मला सापडायच्या नाहीत असं व्हायचं नाही. पहिल्या वर्षीच्या पगारातून मी माझं स्वतःचं म्हातारपणाचं खातं उघडलं. आयुष्यात माझ्या नावावर असलेली ती पहिली गोष्ट होती, आणि त्या खात्याचं मला अपत्यासारखं कौतुक होतं.

आता त्या पैशाचं काय झालं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला अडचण नको. अमेरिकेत असली खाती दोन जातींची असतात. मी उघडलेल्या जातीला रॉथ म्हणतात, आणि नवराबायकोचं मिळून उत्पन्न एका मर्यादेबाहेर गेलं तर त्यात पैसे भरता येत नाहीत. मी खातं उघडलं त्याच वर्षी श्रीरंगला बोनस मिळाला आणि आम्ही मर्यादा ओलांडली. मग फंड कंपनीला अर्ज करून ते पैसे दुसऱ्या, म्हणजे पारंपरिक जातीच्या खात्यात फिरवावे लागतात. फिरवले, की ते पहिल्यापासून तिथेच भरले होते असं धरतात. याला रिकॅरेक्टरायझेशन असं जिभेला गाठ मारणारं नाव आहे. आमच्याकडे लग्न लागलं, की पोरगी जणू सासरीच जन्मली असं धरून चालतात, त्यातलाच प्रकार. मला तो समजायला अजिबात वेळ लागला नाही.

अर्ज मी मुदतीत केला होता. श्रीरंगला सांगितलंही होतं. तो क्रिकेटचा सामना बघत होता आणि "हं" म्हणाला होता.

"अहो, मी ते फिरवले होते. बोनस आला तेव्हा. तुम्हाला सांगितलं होतं."

"फिरवणं वेगळं, काढणं वेगळं. इथे काढले म्हणून लिहिलंय."

"आणि जानेवारीत कंपनीचा कागद आला होता तो? तोही तुमच्या हातात दिला होता मी."

"त्यात करपात्र रक्कम शून्य होती. शून्य कशाला लिहायचं रिटर्नमध्ये?"

"म्हणून तर नोटीस आली."

त्याने हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाला, "ते असेल. पण मग पैसे कुठे आहेत ते दाखव ना."

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणत मी पिठाचे हात धुतले आणि कॉम्प्युटर लावला. मधल्या काळात आमची फंड कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती. मी काही रोज खातं उघडून बघणारी बाई नव्हते. जुना पासवर्ड चालेना, नवा घेतला, आत गेले. माझं नाव आलं. नावाखाली एकच खातं आलं. रॉथ. बंद. शिल्लक शून्य. दुसरं खातं नव्हतंच.

मी पुन्हा आत जाऊन पाहिलं. तवा धुरावला होता, तो श्रीरंगने जाऊन बंद केला. परत आला तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे," तो म्हणाला. "माहेरचं माणूस अडचणीत असलं, की होतं असं. मी काय आडवा आलो असतो का कधी? फक्त सांगायला हवं होतंस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरोप करणाऱ्या माणसाशी भांडता येतं. माफ करणाऱ्याशी कसं भांडायचं, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही. त्याचा हात खांद्यावरून काढून मी चपात्या पुऱ्या केल्या. त्या रात्री मी जेवले नाही, आणि त्याने मला जेव म्हणून आग्रहही केला नाही.

नोटिशीबरोबर उत्तराचा एक कागद होता. त्यावर तीन चौकोन होते. तुमचं म्हणणं मान्य, थोडं मान्य, अमान्य. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आले तर तो भरून टेबलावर ठेवलेला. 'मान्य'च्या चौकोनात खूण, खाली श्रीरंगची वळणदार सही, आणि तिच्या शेजारी पेन्सिलीने मारलेली बारीक फुली. आमच्या घरातली ही पद्धतच होती. सरकारी असो, बँकेचा असो, कागद तो भरायचा, मी सही करायची जागा फुलीने दाखवायचा, आणि मी भाजी ढवळता ढवळता सही करून मोकळी व्हायची. वाचायची नाही. वाचून तरी काय, असं वाटायचं.

त्या दिवशी मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचला.

"यावर मी सही करणार नाही," तो आल्यावर मी सांगितलं.

"अगं, भरून टाकू आणि विषय संपवू. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

"मग मी शहाणी नाही."

"रक्कम काही फार मोठी नाही. झेपेल आपल्याला."

"रकमेचं कोण बोलतंय? यावर सही केली म्हणजे मी पैसे काढले, लपवले, हे मीच कबूल केल्यासारखं होतं. आयुष्यभर ते तसंच राहील."

"कोण बघायला येणार आहे?"

"तुम्ही," मी म्हणाले.

रिटर्न आम्ही दोघांनी मिळून भरलेलं, त्यामुळे मान्य करायचं तर दोघांच्या सह्या लागत होत्या. माझ्या सहीवाचून त्याचं काही अडलं असं लग्नानंतर प्रथमच घडत होतं. त्याने तो कागद फ्रीजला लोहचुंबकाने लावून ठेवला. येताजाता मन वळेल, अशी त्याची कल्पना असावी. मी करखात्याला फोन करून उत्तराची मुदत वाढवून घेतली आणि तोच कागद काढून त्यामागे किराणा लिहिला.

नव्या कंपनीला फोन केले. दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी तेच संगीत, आणि शेवटी तेच उत्तर. निकम, म्हणजे आमच्या आडनावाचं एकच खातं आहे, ते बंद आहे. तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी मन्रो स्ट्रीटवरच्या त्यांच्या ऑफिसातच जाऊन बसले. फोन ठेवता येतो, समोर बसलेल्या बाईला कसं ठेवणार?

काउंटरवर मिसेस कोवाल्स्की नावाच्या बाई होत्या. टोलेडोत पोलिश वस्ती पुष्कळ, त्यातल्या. साठीला आलेल्या, चष्म्याला साखळी, आणि चेहऱ्यावर, तुम्ही काय विचारणार ते मला माहीत आहे, असा भाव. बोलणं इंग्रजीत झालं, पण मला ते आता मराठीतच आठवतं.

"निकम नावाचं एकच खातं दिसतंय," त्या म्हणाल्या. "बंद. शिल्लक शून्य."

"ते मला पाठ आहे. तिथून निघालेले पैसे कुठे गेले तेवढं बघा."

"तुम्हालाच दिले असतील ना."

"दिले नाहीत."

"दुसरं खातं नाही, बाई."

"हे बघा, मी हॉस्पिटलमध्ये रक्त काढते," मी म्हणाले. "शीर सापडली नाही म्हणून माणसाच्या अंगात रक्तच नाही, असं मी कधी म्हटलेलं नाही. पुन्हा बघा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग एक उसासा टाकून म्हणाल्या, "फिरवायचा अर्ज तुम्ही कसा भरला होता? नाव कसं लिहिलंत?"

मी त्यांच्या कागदावर लिहून दाखवलं. शाळेत शिकवलं तसं, पूर्ण नाव, एका ओळीत. उज्ज्वला श्रीरंग निकम.

"हे मधलं काय?"

"माझ्या नवऱ्याचं नाव."

"नवऱ्याचं आडनाव ना?"

"आडनाव शेवटी. हे मधलं त्याचं स्वतःचं नाव."

"तुमच्या नावाच्या मध्ये?"

"आमच्यात असंच असतं. लग्नाआधी तिथे वडिलांचं होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि तुमच्या आईच्या नावात?"

"तिच्या नवऱ्याचं."

"म्हणजे मध्येही नवरा, शेवटीही नवरा, आणि तुम्ही कशाबशा दारात उभ्या," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कीबोर्डकडे वळल्या. कंपनीचा हातबदल होताना जुने कागदी अर्ज कुणीतरी घाईघाईने कॉम्प्युटरवर चढवले होते. पहिला शब्द नाव, दुसरा आडनाव, तिसरा रकान्यात मावला नाही म्हणून गेला. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

आडनाव श्रीरंग, नाव उज्ज्वला. पारंपरिक रिटायरमेंट खातं. पैसे तिथे बसले होते. मधल्या काळात बाजार पडला होता, त्यामुळे थोडे रोडावले होते, पण होते. मी स्क्रीनला हात लावला. बाईंनी काही म्हटलं नाही, नाहीतर तिथे कुणी स्क्रीनला हात लावू देत नाही.

"इतके दिवस तुमचे पैसे नवऱ्याच्या नावाखाली बसले होते," त्या म्हणाल्या.

"ही काही नवी बातमी नाही," मी म्हणाले, आणि आम्ही दोघीही हसलो. मग मला रडूही आलं. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि विचारलं, "करखात्याच्या कागदावर सही केली नाहीत ना?"

"नाही."

"मग जमेल."

घरी आल्यावर मी छापलेलं स्टेटमेंट श्रीरंगच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्याचा चेहरा खरोखर उजळला. वाईट माणूस नव्हताच तो, आजही नाही.

"बरं झालं, सापडले," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

"आणि?"

"आणि काय?"

"तुम्ही मला काय म्हणाला होता?"

"मी कुठे काय म्हटलं होतं? मी तर उलट समजून घेतलं होतं."

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. मी ठरवलं, आधी सरकारचं निस्तरायचं. करखात्याला उत्तर मी स्वतः लिहिलं. लॅबचा रिपोर्ट लिहितात तसं, फाटे नाहीत, पाल्हाळ नाही. काय भरलं, का फिरवलं, कधी फिरवलं, आता कुठे आहे. एक वाक्य असं होतं, की माझ्या पतीने रिटर्न भरताना हा आकडा दाखवला नाही, कारण करपात्र रक्कम शून्य होती.

श्रीरंगने वाचून पाहिलं. "इथे 'आमच्याकडून राहून गेलं' असं लिही ना."

"आमच्याकडून नाही."

"बरं दिसत नाही गं."

"पण खरं दिसतंय ना?"

उत्तराचा नवा कागद छापून घेतला आणि त्यावर 'अमान्य'च्या चौकोनात मी खूण केली. त्याने कुठे सही करायची, तिथे मी पेन्सिलीने फुली मारून ठेवली. त्याने मुकाट्याने केली.

आता मिटलं, असं मला वाटलं होतं. पण उत्तर आलं ते वेगळंच. पाठवलेली कागदपत्रं उज्ज्वला श्रीरंग नावाच्या बाईंची आहेत, करदाती उज्ज्वला निकम आहे, तेव्हा मागणी कायम. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांचंही चूक नव्हतं. एकीचे पैसे गायब आणि दुसऱ्याच कुणा बाईच्या खात्याचा कागद पुराव्याला जोडलेला.

"बघ," श्रीरंग म्हणाला. "मी म्हणत होतो. किती दिवस झटणार आहेस? यांच्यापुढे कुणाचं चाललंय का?"

"माझं चालेल."

"तुला नक्की सिद्ध काय करायचंय, उज्ज्वला?"

 उत्तर मला नीट माहीत होतं, पण अजून ते हातात आलेलं नव्हतं. रिकाम्या हाताने बोलायचं नाही, एवढं मी त्या वर्षात शिकले होते.

पुन्हा मिसेस कोवाल्स्की. खात्यावरचं नाव दुरुस्त करायचं तर त्यांच्या मुख्य ऑफिसला माझं लग्नाचं सर्टिफिकेट हवं होतं. ते विट्याचं, मराठीत. त्याचं भाषांतर करून, शिक्का मारून दिलं. मग करखात्याला पाठवायला दुरुस्त केलेला सरकारी फॉर्म हवा. तो येईना. जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या मागच्या जिन्यात बसून मी फोन कानाला लावून डबा खायची. सोबतच्या नर्सेसना ते संगीत पाठ झालं होतं, मी आले की गुणगुणायच्या. शेवटी फॉर्म आला. मिसेस कोवाल्स्कींनी त्याला कंपनीच्या कागदावर एक पत्र जोडून दिलं. वरील दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं त्यात लिहिलं होतं. "हे लिहिताना मला फार बरं वाटलं," असं त्या म्हणाल्या. सगळा गठ्ठा मी रजिस्टर पोस्टाने धाडला आणि पोचपावती देवाच्या फोटोमागे ठेवली. देवावर माझा विश्वास आहे, पण पावतीवर जास्त.

शनिवार होता. दुपारचं टपाल आलं. पाकीट पातळ होतं. जाड पाकीट म्हणजे मागणी आणि पातळ म्हणजे सुटका, हे तोवर मला कळलेलं होतं. आम्ही तुमच्या माहितीचा विचार केला, प्रस्तावित बदल मागे घेत आहोत, तुमच्याकडून काही येणं नाही. एवढंच. मी ते श्रीरंगला मोठ्याने वाचून दाखवलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"शाब्बास," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. "कमाल आहे बाई तुझी. चल, आज बाहेर जेवू."

"बसा जरा."

तो बसला.

"सरकारने दोन ओळी लिहून दिल्या, की आमचं म्हणणं आम्ही मागे घेतो. ते माझे कोण? तरी दिल्या. तुमचं अजून यायचंय."

"अगं, मी..."

"मी कुठे काय म्हटलं होतं, हे आता म्हणू नका. हे पैसे हणमंतदादाला पाठवलेस का, असं म्हटलं होतं. चपात्या करत होते मी."

तो टेबलावरचं मेणकापड नखाने कुरतडत राहिला. आणि मग मी ते सांगितलं, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"दादाने मागितले होते," मी म्हणाले. "मी खातं उघडलं त्याच वर्षी. कोंबड्यांच्या खाद्याचे भाव भडकले होते, बँक दारात आली होती. शेड वाचवायला हवे होते त्याला. कधी कुणापुढे हात न पसरलेला माणूस तो, फोनवर किती वेळ पाऊसपाण्याचं बोलला आणि मग हळूच विचारलं. माझ्या खात्यात होते तेव्हा. त्याचं काम झालं असतं तेवढे होते. मी म्हटलं, माझ्याकडं न्हाईत, दादा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पाठव म्हणाला असता. मोठ्या मनाने. आणि मग जन्मभर तो तुमचा उपकार झाला असता, दादावर आणि माझ्यावर. तुमच्या आईंनी मला पहिल्या दिवाळीत ऐकवलं होतं, की सून कितीही चांगली असली तरी तिचं भांडं माहेराकडे कललेलंच असतं. तेव्हाच मी कानाला खडा लावला. ते भांडं मी इतकी वर्षं सरळ धरलं. सख्ख्या भावाशी खोटं बोलून सरळ धरलं. त्याने शेड विकली. मला म्हणाला, असू दे उजे, तुझं बरं चाललंय न्हवं? आणि तुम्ही मला विचारता, पाठवलेस का. आणि वर माफ करता."

माझा आवाज चढला नव्हता. उलट मला फार दमल्यासारखं झालं होतं.  श्रीरंगचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं, पण त्या दिवशी मला त्याची कीव करायची नव्हती.

मग तो म्हणाला, "माझं चुकलं, उज्ज्वला."

"लिहून द्या."

"देतो." त्याने खरंच कागद ओढला, पेन घेतलं. "काय लिहू? तुझ्या नावाने?"

"माझ्या नावाने कशाला? मला माहीतच आहे. दादाच्या नावाने लिहा."

त्याने मान वर केली. "जावयाने मेहुण्याला असं लिहायचं?"

आमच्याकडे जावई म्हणजे काय, हे मी सांगायला नको. श्रीरंग विट्याला गेला, की दादा स्वतः उठून त्याला खुर्ची द्यायचा आणि आपण उभा राहायचा. पाव्हणं, हितं बसा. पाव्हणं, वाईच घ्या. वयाने दादा दहा-बारा वर्षांनी मोठा, तरी श्रीरंगच्या आधी कधी घास तोंडात घालायचा नाही. बहीण दिलेलं घर, तिथे वाकूनच राहायचं.

"सगळं लिहायचं," मी म्हणाले. "माझ्याकडे पैसे होते हे. मी तुमच्या घरापायी दिले नाहीत हे. आणि तरी तुम्ही माझ्यावर संशय घेतला हे."

"त्याला काय वाटेल?"

"वाटू द्या. मला काय वाटलं, ते त्याला कळू द्या."

मराठीत पत्र लिहून त्याला जमाना झाला होता. तो लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन भात लावला. बाहेर जेवायचं राहिलं. पत्र त्याने मला वाचायला दिलं आणि मी वाचलं. त्यात सारवासारव नव्हती. सोमवारी ड्यूटीवर जाताना मीच ते पेटीत टाकलं.

दादाचा फोन नेहमीसारखा यायचा, पण पत्राबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. पोचलं की नाही, हेही त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. श्रीरंग मात्र दर फोनला खोलीतून उठून जायचा. पुढच्या वर्षी दिवाळीला आम्ही विट्याला गेलो तेव्हा एसटी स्टँडवरून रिक्षात बसल्यापासून तो मांडीवरच्या बॅगेची चेन उघडझाक करत होता. कुणी एका शब्दाने विचारलं, तर उलट्या पावली परत फिरेल असा चेहरा झाला होता त्याचा.

दादा अंगणातच होता. आकाशकंदील लावायला शिडी भिंतीला टेकवून ठेवलेली, खांद्यावर वायर. वहिनीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. दादाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग तो श्रीरंगकडे वळला आणि त्याच्याकडे नुसता बघत राहिला. ओसरीत खुर्ची रिकामी होती. दादाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"श्रीरंगा," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. "बॅग ठिव तिकडं. आन् एवढी शिडी धर. ह्या पायरीचा काय भरवसा न्हाई."

वहिनीने पदर तोंडाला लावला. जावयाला कुणी शिडी धरायला लावत नाही, आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत नाही. श्रीरंगने बॅग खाली ठेवली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि शिडी दोन्ही हातांनी धरली. दादा वर चढला. वायर बांधायला त्याला बराच वेळ लागला, आणि तो खाली उतरेपर्यंत श्रीरंगने शिडी सोडली नाही.